इनामदारबाईंची दहाची रांग

इनामदारबाईंना पहिली सव्वीस वर्षं मी बसलेलं पाहिलं नाही. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत शिक्षक बारा आणि खुर्च्या अकरा होत्या, पण उभं कुणी राहायचं यावरून कधी वाद झाला नाही. बाई खिडकीपाशी उभ्या राहून डबा खायच्या, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून हजेरी मांडायच्या, आणि मुख्याध्यापकांची मीटिंग लांबली तरी दाराच्या चौकटीला पाठ लावून शेवटपर्यंत उभ्या असायच्या. सुती साडी, कमरेला घट्ट खोचलेला पदर, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. नवीन कुणी शिक्षक आला आणि सौजन्याने "बसा ना बाई" म्हणाला, की बाई म्हणायच्या, "पी.टी.चा मास्तर बसला की अख्खं मैदान झोपतं."

आम्ही दोघी एकाच जूनमध्ये शाळेत लागलो. मी विज्ञान शिकवायला, त्या शारीरिक शिक्षण. पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठ बाईंनी त्यांना विचारलं, "इनामदार म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" प्रश्नातला प्रश्न आम्हा सगळ्यांनाच कळला होता. इनामदार आडनाव दोन्हीकडे असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "नाना पेठेतले." मग हजेरीपटावर 'झुबेदा' हे नाव आलं, तेव्हा त्याच ज्येष्ठ बाई कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई! पण मराठी किती सुरेख बोलता तुम्ही!" इनामदारबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही बरं बोलता." त्यानंतर तो विषय शाळेत पुन्हा निघाला नाही.

त्यांचे वडील नाना पेठेत बुकबाइंडर होते. आमच्या शाळेची जुनी मस्टरं त्यांनीच बांधलेली, असं बाई अभिमानाने सांगत. ते पन्नाशीच्या आतच गेले. "सकाळी तोंड सुजायचं, संध्याकाळी पाय. चपला चढायच्या नाहीत. लोक म्हणायचे अंगात पाणी झालं. पाणी कशानं झालं, ते कुणी विचारलं नाही," असं एकदा त्या डबा खाता खाता सहज बोलून गेल्या. मीही विचारलं नाही. मी विज्ञानाची शिक्षिका होते, आणि समोर एवढं सरळ लक्षण सांगितलं जात होतं, तरी मी लोणच्याची फोड संपवली आणि तासाला गेले.

बाई मुलखाच्या हट्टी होत्या. ऐन विशीत खो-खो खेळताना त्यांचा उजवा गुडघा दुखावला होता. तो पुढे आयुष्यभर कुरकुरत राहिला, पण बाईंनी त्याला कधी दाद दिली नाही. त्यांच्या पर्समध्ये दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. सकाळी मैदानावर उतरण्याआधी एक, आणि गॅदरिंगच्या कवायतीचे दिवस असले की दुपारी आणखी एक. एकदा सातवीची सहल कात्रजच्या सर्पोद्यानाला नेली होती. बसमधून उतरताना बाईंचा पाय टेकवेना. त्यांनी गोळी काढली, पाण्याची बाटली मुलांनी संपवलेली, तशीच कोरडी गिळली, आणि शिट्टी वाजवून साठ मुलं जोडीनं उभी केली. दिवसभर त्या आमच्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मला डोकेदुखीचा त्रास होता. परतीच्या वाटेवर त्यांनी पट्टीतली एक गोळी मला दिली. "घ्या सायन्सबाई. औषध नाही हो, इंधन आहे." मग मलाही सवय लागली. शाळेच्या कोपऱ्यावरचा औषधाचा दुकानदार आम्हा दोघींना पाहूनच पट्टी काढून ठेवायचा. चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही आणि आम्हीही कधी दाखवली नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याने बंड पुकारलं. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, त्यासाठी रक्त तपासलं, आणि ऑपरेशन राहिलं बाजूला. ते म्हणाले, आधी किडनीच्या डॉक्टरांना भेटा. त्यांना भेटून आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बाईंनी मला मधल्या सुट्टीत मैदानावर बोलावलं. मुलं डबे खायला वर्गात गेली होती. बाईंच्या हातात फक्कीचा डबा होता. धावपट्टीच्या रेषा आखायची ती पांढरी पूड.

"सायन्सबाई, किडनी काढा."

"काय?"

"काढा इथं मातीवर. मोठी काढा. काल डॉक्टर म्हणाले, माझ्या दोन्ही निम्म्याहून जास्त निकामी झाल्यात. मला कळलंसुद्धा नाही. अहो, पाहुणासुद्धा दार वाजवून येतो. हा तर आतून कडी लावून बसलाय. मला बघायचंय कुठं बसलाय तो."

मी फक्की घेतली. वीस वर्षांच्या सवयीने घेवड्याच्या बीसारखे दोन आकार बरोबर आले. आत लाखो बारीक गाळण्या असतात, रक्त त्यातून गाळलं जातं, वगैरे मी सांगत गेले. रक्तदाब वाढलेला राहिला की या गाळण्यांवर वर्षानुवर्षं ताण पडतो आणि त्या एकेक करून बंद पडतात. रक्तातली साखर वाढली तरी तेच. घरात कुणाला असेल तर धोका जास्त. आणि दुखण्याच्या गोळ्या रोज पोटात गेल्या तर त्या किडनीचा रक्तपुरवठाच कमी करतात. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज खाली गेला.

बाई त्या चित्राकडे पाहत म्हणाल्या, "बीपी मी आयुष्यात मोजलं नव्हतं. काल मोजलं तर डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजलं. आणि अब्बांचं अंग सुजायचं ते हेच असणार." त्या एकेक बोट दुमडत गेल्या. "बीपी एक. अब्बा दोन. गोळ्या तीन. तुम्ही हे दरवर्षी मुलांना शिकवता ना?"

"गाळण्या शिकवते. आकृती असते पाच मार्कांना."

"आणि हे?"

"हे अभ्यासक्रमात नाही," मी म्हणाले.

"अभ्यासक्रमात नाही!" असं त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वरच्या मजल्यावरची मुलं खिडकीत आली. बाई तेव्हा रडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या होत्या, आणि पुढची चौदा वर्षं चिडलेल्याच राहिल्या. आजाराबद्दलची दया त्यांनी एक दिवसही सहन केली नाही.

मुख्याध्यापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून हळुवारपणे स्वेच्छानिवृत्तीचं सुचवलं. सर मनाने वाईट नव्हते. पण बाई टेबलासमोर उभ्या राहूनच म्हणाल्या, "सर, पी.टी. घ्यायला किडनी लागत नाही, घसा लागतो. तो शाबूत आहे. ऐकवू?" सर घाईघाईने नको म्हणाले.

गोळ्या त्यांनी त्याच दिवशी बंद केल्या. गुडघा दुखायचा, तेव्हा त्या शेकायच्या, पट्टा बांधायच्या, लंगडायच्या. त्यांना लंगडताना पाहणं आम्हाला जड जायचं. त्या म्हणायच्या, "लंगडी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, बघा आणि शिका." मीठ जवळजवळ सोडलं. बीपीची गोळी सकाळी शाळेच्या घंटेबरोबर, एकही दिवस न चुकता. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो पूर्वीच गेलेला. घरात त्या आणि कॉलेजात जाणारी मुलगी रुबिना. रुबिनाने अम्मीच्या डब्याची सगळी व्यवस्था हातात घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन वर्षांत डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल. बाईंनी ते सहा वर्षं लांबवलं. दर वेळी रिपोर्ट घेऊन त्या माझ्यापुढे यायच्या आणि म्हणायच्या, "वाचा. अजून उभी आहे."

भेटायला येणाऱ्यांचा मात्र त्यांना फार राग होता. कुणी भस्म आणायचं, कुणी कुठल्या तरी गावच्या मुळ्या. "आधीच गाळणी तुंबलीय, त्यात वरून आणखी राख कशाला टाकू?" म्हणून त्या पुडी परत द्यायच्या. आणि शहाळी! आजारी माणसाला शहाळं नेलं की कर्तव्य झालं, अशी आपली समजूत. बाईंना पोटॅशियम वर्ज्य होतं, शहाळ्याचं पाणी त्यांच्यासाठी विषासारखं. त्या पाहुण्याला समोर बसवून, कोयत्याने तेच शहाळं फोडून, शेवटच्या थेंबापर्यंत त्यालाच प्यायला लावायच्या. "प्या. तुमच्या किडन्या चांगल्या आहेत ना? मग प्या. चांगल्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हा शेवटचा प्रश्न हळूहळू त्यांचं हत्यार झाला.

त्याचा पहिला वार आमच्या पालकसभेत झाला. सभा मैदानावर होती. सरांचं भाषण, गुणवंतांचा सत्कार वगैरे झाल्यावर सरांनी उपचार म्हणून विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?" बाईंनी शिट्टी वाजवली.

"सगळे उठा. दहा-दहाच्या रांगा करा."

पालकांतले निम्मे त्यांचेच माजी विद्यार्थी. शिट्टी ऐकली की त्यांचे पाय आपोआप हलत. पाच मिनिटांत ती शंभर-सव्वाशे माणसं, पदर सावरत, मोबाइल खिशात घालत, रांगेत उभी होती. शिक्षकांची रांगही बाईंनी लावली. मी तिच्यात तिसरी.

"आपली रांग बघून घ्या," बाई म्हणाल्या. "माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, मोठ्या माणसांच्या साधारण दहातल्या एकाला किडनीचा हा हळूहळू वाढणारा आजार असतो. आणि बहुतेकांना तो आहे हे माहीतच नसतं. दुखत नाही, खुपत नाही, लघवी नेहमीसारखी होते. मलाही झालं तेव्हा मी तुमच्या पोरांबरोबर पळत होते. तर आता मी म्हणेन तसं करायचं. लाजायचं नाही. ज्यांना किंवा ज्यांच्या आईवडिलांना साखर आहे, डब्यातली नव्हे, रक्तातली, त्यांनी एक पाऊल पुढे."

थोडी चुळबुळ झाली. मग इकडून तिकडून काही माणसं पुढे सरकली.

"ज्यांना बीपी आहे, ते एक पाऊल पुढे. ज्यांनी दोन वर्षांत मोजलेलंच नाही, तेही एक पाऊल पुढे."

या वेळी मैदानात पायांचा आवाज झाला.

"हृदयाचा त्रास. घरात कुणी किडनीनं गेलेलं. मुतखडा वारंवार होणारे. तंबाखू, सिगारेट. वजन वाढलेलं, ते आपलं आपल्याला माहीत असतं, आरसा असतो घरी. आणि आठवड्यातून चार-चार दिवस अंगदुखीच्या, डोकेदुखीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय खाणारे. चला."

सगळं म्हणून झालं तेव्हा मूळ रेषेवर फार थोडी माणसं उरली होती. त्यात मी होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सायन्सबाई, तुम्ही कुठं मागं राहिलात? तुमच्या आईंना साखर होती. बीपी तुम्ही कधी मोजलं ते मला ठाऊक आहे. आणि माझ्या पट्टीतल्या गोळ्या तुम्हीही खाल्ल्यात. तीन पावलं पुढं या."

शंभर-सव्वाशे लोकांपुढे मी तीन पावलं पुढे गेले.

"पुढे आलात म्हणजे आजार झाला असं नाही," बाई आता जरा सौम्य आवाजात म्हणाल्या. "पुढे आलात म्हणजे तपासून घ्यायचं. बीपी मोजायचं. लघवीतून प्रोटीन जातंय का, ते बघायचं. रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. साध्या तपासण्या आहेत. मला कुणी रांगेत उभं केलं नाही. मी तुम्हाला करतेय. विश्राम."

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. चारचौघांत असा पाणउतारा करण्याचा त्यांना अधिकार काय, असं मी घरी नवऱ्याला दहा वेळा सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "बाई चुकीचं काय बोलल्या, तेवढं सांग." शनिवारी शाळा सुटल्यावर मी रिक्षाने लॅबमध्ये गेले, कुणाला न सांगता. सोमवारी रिपोर्ट आला. बीपी चांगलंच वाढलेलं होतं, आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. थोडंच, पण जात होतं. क्रिएटिनिन अजून हद्दीत होतं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आत्ता आलात. आणखी दहा वर्षांनी आला असतात, तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं."

मंगळवारी मी रिपोर्ट बाईंच्या हातात दिला. त्या खिडकीपाशी डबा खात होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

"ती गोळी मीच दिली होती तुम्हाला. कात्रजला," त्या म्हणाल्या.

"माझ्या आईची साखर तुम्ही दिली नव्हतीत," मी म्हणाले. "आणि बीपी मी स्वतः मोजलं नव्हतं."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्या क्षणी म्हणाल्या, "लोणचं आजपासून बंद. आणा तो डबा इकडं."

त्याच संध्याकाळी त्या मला घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या. पुढे एक माणूस पाठदुखीसाठी आमच्या ओळखीची पट्टी मागत होता. बाईंनी त्याला विचारलं, "चिठ्ठी आहे? बीपी कधी मोजलं?" तो गडबडला. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, धंद्याच्या वेळेला असं नका करू." "मी तुमची वीस वर्षांची गिऱ्हाईक आहे," बाई म्हणाल्या. "या दुकानाच्या एका फळीवर माझ्या दोन किडन्या ठेवल्यात. मी इथं बोलणार नाही तर कोण बोलणार?" त्या तिथून हलल्या नाहीत. मग आठवड्यातून एक-दोनदा त्या तिथे जाऊन उभ्या राहू लागल्या. दुकानदार त्यांना पाहिलं की कपाळावर हात मारायचा. पण काही महिन्यांनी एकदा मी एकटीच बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले, तेव्हा तो इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "मॅडम, बाई सांगतात ती टेस्ट कुठली? नाव लिहून द्या ना. मला साखर आहे बारा वर्षं."

सहा वर्षांनी मात्र मशीन आलंच. आठवड्यातून दोन दुपारी चार-चार तास बाईंना डायलिसिससाठी आडवं पडावं लागे. ज्या बाईंना मी कधी खुर्चीत पाहिलं नव्हतं, त्यांना तशा पडलेल्या पाहून पहिल्या दिवशी माझा पाय दारातच अडखळला. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "आत या. उभ्याउभ्या बोला, बसायची पाळी माझी." त्या खोलीत ओळीने आठ खाटा होत्या. एक रिक्षावाला, एक निवृत्त कारकून, एक जेमतेम तिशीची मुलगी. सगळे छताकडे डोळे लावून पडलेले. महिनाभरात बाईंनी त्या खोलीची कवायत बसवली. सुई नसलेला हात वर, खाली, मूठ बंद, मूठ उघड. त्या आकडे मोजायच्या आणि आठही खाटांवरून हात वर यायचे. रिक्षावाला नंतर मला म्हणाला, "पूर्वी इकडं यायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. आता उशीर झाला तर बाई ओरडतील याची भीती वाटते." शाळा सकाळची होती, त्यामुळे डायलिसिसच्या दिवशीही त्या सकाळी मैदानावर असत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या वेळेवर निवृत्त झाल्या, एक दिवसही आधी नाही.

एवढ्या काळात मी त्यांना हरलेलं पाहिलं ते एकदाच. रुबिना तोवर खराडीला एका कंपनीत नोकरीला लागली होती. तिने आपली एक किडनी अम्मीला द्यायची ठरवली. बाई नाही म्हणाल्या. रुबिना मला मध्ये घ्यायला घरी आली. तिच्या पाठोपाठ बाईही आल्या. माझ्या बैठकीत मायलेकी समोरासमोर उभ्या.

"अम्मी, मॅच झालं तर तू नॉर्मल राहशील. का हट्ट करतेस?"

"तुझ्या आजोबांना होतं. मला आहे. तुझ्या दोन्ही तुला लागतील."

"ते डॉक्टर ठरवतील ना. मी टेस्ट करून घेणारच."

"घे. टेस्टला मी कधी नाही म्हणाले?"

रुबिनाने तपासण्या केल्या. तिचं वय तिशीच्या आत होतं, आणि बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तिची किडनी घ्यायला नकार दिला. त्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या आणि सोफ्यावर बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "माझं बरं होणार नव्हतंच, ते मी धरून चालले होते. पण हे तिच्यापर्यंत पोचलंय. ती दिवसभर खुर्चीत बसते, रात्री मागवून खाते. तिला मी काय सांगू?"

"तुम्ही सगळ्या गावाला काय सांगता?"

"गावाला शिट्टी चालते, सायन्सबाई. स्वतःच्या पोरीसमोर फुंकायला श्वास लागतो."

पण त्या उठल्या. पुढचे तीन महिने रुबिनाला त्यांनी पहाटे सारसबागेला फिरायला नेलं. एक बाई लंगडत, दुसरी कानात हेडफोन घालून तोंड फुगवून चालणारी. तीन महिन्यांनी हेडफोन गेला. मग रुबिना एकटीच जाऊ लागली, कारण अम्मीला आता चालवत नव्हतं.

शेवटच्या वर्षी बाईंचं हृदय थकलं. दवाखान्यात मी त्यांना विचारलं, "भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "वाटते. पण ते त्याला कळू द्यायचं नाही." 'त्याला' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. एका बुधवारी सकाळी त्या गेल्या. वय एकसष्ट.

दुपारी त्यांना नेलं. पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली आणि नाना पेठेतल्या त्या छोट्या घरात आम्ही बायका राहिलो. शेजारच्या, नात्यातल्या, शाळेतल्या दोघी-तिघी. रुबिना भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे सुजले होते. कुणी कुराण वाचत होतं. वाचन थांबल्यावर एक वयस्क शेजारीण उसासा टाकून म्हणाली, "क्या करें बेटी. नशिबातच होतं तिच्या."

रुबिनाने मान वर केली.

"नशिबात नव्हतं, खाला. बीपी होतं." तिचा आवाज फाटलेला होता, पण ती थांबली नाही. "अम्मीच्या अब्बांना कुणी विचारलं नाही, अम्मीला कुणी विचारलं नाही. तुमचं शेवटचं कधी मोजलं होतं?"

खोलीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मयतीच्या घरात हे काय बोलणं, असं कुणाच्या तरी ओठांवर आलेलं मी पाहिलं. शेजारीणबाई चाचरत म्हणाल्या, "मला काही होत नाही गं. मी ठणठणीत आहे."

रुबिना उठली. कपाटातून बीपीचं यंत्र आणलं, शेजारीणबाईंच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र घरघरू लागलं. आकडा आला. रुबिनाने तो पाहिला, पट्टा सैल केला, थोडी थांबली आणि पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदाही तेवढाच आला.

"उद्या सकाळी नऊ वाजता तयार राहा," ती म्हणाली. "मी नेते."

मग तिने पट्टा सोडवला आणि पुढच्या बाईकडे हात केला. त्या बाईने एकवार सगळ्यांकडे पाहिलं, आणि निमूटपणे बाही वर सारली.